सामाईक भिंत

मोजणीवाल्याने लाल रंगाची रेघ ओढली ती धाकट्याच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, कोपऱ्यापासून चांगली फूटभर आत. आधी सगळ्यांना वाटलं, त्याचा हात चुकला. पण त्याने ब्रश डब्यात ठेवला, बोटं फडक्याला पुसली आणि म्हणाला, "हद्द ही इथे. हिच्या अलीकडचं सगळं मोकळ्या प्लॉटचं."

मोकळा प्लॉट थोरलीचा. म्हणजे कागदोपत्री थोरल्याचा, पण त्या जागेवर उभं राहून स्वप्नं बघायचं काम इतकी वर्षं थोरलीनेच एकटीने केलं होतं. थोरल्याला त्यासाठी सवड नव्हती. तो दिवसभर दुकानात कापड बेतायचा आणि संध्याकाळी गुडघे चोळत बसायचा. तिला त्या जागेचा कोपरा न् कोपरा पाठ होता. चूल कुठे, मशीन कुठे, खाट कुठे, पाहुणा आला तर तो कुठे टेकेल, सगळं ठरलेलं. पाहुणा फार बसू नये अशी जागा तिने त्याला मनात नेमून दिली होती.

मास्तरांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, ऐन उमेदीत हा बेताचा प्लॉट घेतला, त्याचे उभे दोन भाग केले आणि दोन मुलांना दिले. धाकट्याने आपल्या भागावर लगोलग घर बांधलं. तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून भिंत थेट हद्दीवर चढवली. थोरला-थोरली मात्र मास्तरांना घेऊन शिंपीकामाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांतच राहिली. आधी धाकट्याचं शिक्षण, मग नणंदेचं लग्न, मग धाकट्याचं घर. थोरलीची पाळी प्रत्येक वेळी एक घर पुढे सरकली, आणि सरकवणारी बहुतेक वेळा तीच असायची. आता एकदाची पाळी आली, तर मध्येच नियम बदलले.

चारी बाजूंनी जागा मोकळी सोडायची. सरकारी भाषेत त्याला सामासिक अंतर म्हणतात. नणंदेची मुलगी त्याला मार्जिन म्हणते. ती एका ऑफिसात घरांचे नकाशे काढते, म्हणून घरात सगळे तिला इंजिनीअर म्हणून हाक मारतात. समोर रस्त्याकडे एवढं, मागे एवढं, डावीकडे एवढं, उजवीकडे एवढं, असं सोडता सोडता कागदावर मध्ये जे काही उरलं ते बघून थोरलीने विचारलं होतं, "यात घर बसवायचंय की सुई ओवायचीय?"

"मामी, नियम आहे," इंजिनीअर म्हणाली होती. "हवा खेळती राहावी, आग लागली तर माणसाला शिरता यावं."

"हवा खेळेल गं, पण आम्ही कुठे बसायचं?"

मास्तरांनीही तेव्हा आपला शेरा मारला होता. शिवणीच्या आत कापड राखून ठेवतात ते मला कळतं, ते म्हणाले, माणसाचं पोट सुटलं की उसवून देता येतं. जमिनीत राखलेलं कोण उसवून देणार? थोरल्याच्या गुडघ्यांमुळे वर मजला चढवायचा प्रश्नच नव्हता. नकाशात एकामागे एक अशा दोन चिंचोळ्या खोल्या दिसत होत्या, आणि मशीन ठेवलं तर खाट बाहेर जात होती. मंजुरीला कागद लावण्याआधी रीतसर मोजणी करावी लागते, म्हणून आज मोजणीवाला आला होता. थोरलीने मनाशी म्हटलं होतं, देवा, चार बोटं जास्त निघू दे. निघाली ती फूटभर, पण दिराच्या घरातून.

"काहीतरी घोळ आहे," धाकटा म्हणाला. तो आपल्याच घराच्या भिंतीकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता. "हद्द बाबांनी स्वतः माझ्या टोकापासून मोजून आखून दिली होती. मी चुना टाकत मागे चालत होतो."

"माझं माप आहे ते," मास्तर म्हणाले. आवाज म्हातारा झाला होता, पण त्यातला मास्तर गेला नव्हता. "अर्ध्या गावाला कोट शिवलेत मी. माझ्या मापाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. ही घ्या, याच टेपने मोजलं होतं."

त्यांनी गळ्यातली कापडी टेप काढून दिली. तिच्यावरचे आकडे बोटांनी इतके पुसले होते की निम्मे मास्तरांच्या आठवणीवरच चालायचे. मोजणीवाला भला माणूस होता. त्याने वाद घातला नाही. धाकट्याच्या ओट्यावर आपली पोलादी टेप पसरली आणि तिच्या अंगाला अंग लावून मास्तरांची टेप ठेवली. सगळे वाकले. दोन्ही टेपांची सुरुवात एका रेषेत होती. शेवट नव्हता. मास्तरांच्या टेपचा शेवटचा आकडा पोलादी टेपवरच्या त्याच आकड्याच्या चार बोटं पुढे होता.

"ताणलीय," मोजणीवाला हळूच म्हणाला. "कापडी टेप वापरून वापरून लांबते. अशी एकीपुढे एक टाकत गेलं की शेवटी फूटभर फरक पडणारच."

"मग माझे कोट कसे बसले?" मास्तरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मोजणीवाल्याला विचारला नव्हता. कुणालाच विचारला नव्हता.

इंजिनीअर त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "आजोबा, माणूस याच टेपने मोजलात आणि कापडही याच टेपने कापलंत. टेप लांबली तर दोन्हीकडे सारखीच लांबली. म्हणून कोट बरोबर बसले. जमीन तुम्ही या टेपने मोजलीत, आणि कागदावर ती दुसऱ्याच कुणी मोजलेली होती."

मास्तर विटांच्या ढिगावर बसले. बराच वेळ ते टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. थोरलीला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. कारण त्याच वेळी तिच्या मनात दुसरं गणित चाललं होतं. फूटभर. खाट आत येते. खाट आणि मशीन दोन्ही.

तेवढ्यात तिच्या नवऱ्याने तोंड उघडलं. हा माणूस आठवड्यातून एकदा महत्त्वाचं बोलतो आणि तेव्हा बायकोला विचारत नाही.

"जाऊ द्या बाबा," थोरला म्हणाला. "भिंत आहे तिथेच राहील. तुम्ही आखलीत ती हद्द. विषय संपला."

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुडघा चोळायला लागला.

मोजणीवाल्याने सामान आवरता आवरता मान हलवली. विषय एवढ्यात संपणार नाही, तो म्हणाला. हद्दीबाहेर आलेली भिंत कागदावर दिसणारच. ती मागे घ्या, नाहीतर दोघांनी मिळून काहीतरी लिहून द्या, त्याशिवाय मोकळ्या प्लॉटवर कुणी वीटही ठेवू देणार नाही. एवढं बोलून तो गेला, आणि घरातली माणसं एकमेकांच्या तावडीत सापडली.

सगळे धाकट्याच्या पुढच्या खोलीत बसले. ही खोली बसायची कमी आणि कामाची जास्त होती. प्लॉटच्या बाजूच्या भिंतीत एक मोठी खिडकी, खिडकीशी लांब टेबल, टेबलावर मेण, प्लॅस्टर आणि ओळीने मांडलेल्या कवळ्या. धाकटी जाऊ दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देते. शिंप्यांच्या घरात ही दातांची कला लग्नानंतर तिच्याबरोबरच आली, आणि सुरुवातीला चेष्टेचा विषय झाली. पुढे मास्तरांचे दात पडले आणि चेष्टा थांबली.

पहिली तोफ नणंदेने डागली. आजवरच्या प्रत्येक भांडणात ती धाकट्याच्या बाजूने असायची, लहानपणापासूनची सवय. आज ती येऊन थोरलीच्या शेजारी बसली.

"छोट्या, स्पष्ट बोलते," ती म्हणाली. "वहिनींचा हक्क आहे. त्यांनी आपल्यासाठी काय नाही केलं? भिंत मागे घे."

"ताई, भिंत म्हणजे काय पडदा आहे मागे घ्यायला?" धाकटा म्हणाला. "न्हाणीघर जातं, ही खोली जाते. छप्पर कशावर उभं राहणार?"

"तो तुझा प्रश्न."

"वहिनी," धाकटा थोरलीकडे वळला. त्याचा चेहरा बघून तिला तो शाळेत चड्डी फाटल्यावर मशीनपाशी येऊन उभा राहायचा तेव्हाचा चेहरा आठवला. "तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

"मी काय सांगणार भावजी? तुमचं घर, तुमची भिंत."

थोरलीने धाकट्याला आयुष्यात कधी भावजी म्हटलं नव्हतं, आणि तुम्ही तर नाहीच. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या डब्यात काय द्यायचं हे तीच ठरवायची. धाकट्याने मान खाली घातली. तिला वाटलं, हे नको होतं बोलायला. पण शब्द निघून गेला होता, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं.

"मी काही बोलू का?" इंजिनीअरने विचारलं. ती इतका वेळ गुडघ्यावर नकाशा पसरून पेन्सिल चालवत होती. "भिंत न पाडता एक मार्ग आहे. दोन्ही घरं जोडून बांधायची. मधली भिंत सामाईक. दोन्ही मालकांनी तसं मान्य केलं, तर त्या बाजूला मार्जिन सोडावंच लागत नाही. फूटभराचा प्रश्न मिटतो, आणि मामी, तुमची खोली किती मोठी होते बघा."

तिने नकाशा पुढे सरकवला. थोरलीने पाहिलं. दोन खोल्या आता एकामागे एक नव्हत्या, शेजारी शेजारी होत्या. खाट होती. मशीन होतं. मशीनच्या समोर दोन माणसं बसतील एवढी जागा होती. मास्तरांची स्वतःची, दाराजवळची खोली होती, रात्री उठलं तर कुणावर पाय पडणार नाही अशी. थोरलीचे डोळे भरून आले, ते तिने नकाशावर वाकून लपवले.

"मग आधी का नाही सांगितलंस?" नणंदेने लेकीला झापलं.

"कारण," इंजिनीअर म्हणाली आणि जरा थांबली. "सामाईक भिंतीत खिडकी चालत नाही. ती बुजवावी लागते."

सगळ्यांनी एकदम खिडकीकडे पाहिलं आणि मग एकदम दुसरीकडे पाहिलं. दातांचा रंग दिव्याखाली जुळत नाही, हे त्या घरात आता सगळ्यांना माहीत होतं. दिव्याखाली एकसारखे दिसलेले दात बाहेर उन्हात वेगळे निघतात, आणि मग माणूस हसायचं बंद करतो. म्हणून धाकटी नमुन्याच्या दातांची जुडी घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि एकेक दात उजेडात धरून बघायची. समोरच्या भिंतीत दार होतं, मागे स्वयंपाकघर. उजेड काय तो या एकाच खिडकीतून यायचा.

"नको," थोरली म्हणाली. तिने नकाशाची गुंडाळी केली. "कुणाच्या पोटावर पाय देऊन मला घर नको. फूटभर सोडलं असं लिहून देऊ आणि ते पहिलंच बांधू, चिंचोळं. मशीन दुकानात ठेवीन. खाटेचं बघू."

"वहिनी, ऐक ना..."

"ऐकलं सगळं. या घरात आजवर माझ्यामुळे कुणाचं काही गेलेलं नाही, आत्ताही जायला नको."

हे ती मोठ्या तोऱ्यात बोलली. या वाक्याचा तिला अभिमान होता. आयुष्यभर शिवून शिवून तिने ते वाक्य तयार केलं होतं. थोरला मान डोलावत होता. नणंद डोळे पुसत होती. आणि धाकटी, जी या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती, ती उठली आणि खिडकीच्या कट्ट्यावरच्या वस्तू उचलायला लागली. नमुन्याच्या दातांची जुडी, मेणाची वाटी, कोरण्या. एकेक उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवत गेली.

"काय करतेस?" धाकट्याने विचारलं.

"खिडकी रिकामी करतेय."

"अगं, पण तू काम कसं करणार?"

"गच्चीत बसून रंग बघीन. वरचा उजेड काही कुणाच्या बापाचा नाही. तिथे सोडायला सांगतात का गं मार्जिन?"

"नाही," इंजिनीअर म्हणाली. "टेबलाच्या वर छतात काचही बसवता येईल. पण खिडकीइतका उजेड नाही येणार, आत्ताच सांगते."

"चालेल."

"मी नको म्हटलं ना?" थोरलीचा आवाज चढला.

"तुम्ही म्हणालात, ताई. मला कुणी विचारलंच नाही अजून." धाकटी तिच्याकडे वळली. तिच्या बोटांना प्लॅस्टर लागलेलं होतं. "ती लाल रेघ कुठे येते बघितलंत? भिंतीपासून फूटभर आत. म्हणजे इथे." तिने टेबलावर हात आडवा धरला. "माझी खुर्ची माझ्या जागेत आहे. टेबल तुमच्या जागेत. लग्न झाल्यापासून मी तुमच्या जमिनीवर दात करतेय, आणि तुम्ही तिकडे खाटेखाली कापडाचे गठ्ठे कोंबताय. त्याच टेबलावर माझी मुलगी शिकली. आधी कळलं असतं तर भाडं दिलं असतं."

मास्तर दारात येऊन उभे होते. ते कधी आले ते कुणाला कळलं नव्हतं.

"ती माझी चूक," ते म्हणाले.

"बाबा, तुमची टेप लांबली म्हणून माझं टेबल मावलं," धाकटी म्हणाली. "आखूड झाली असती तर मी दात कुठे केले असते? न्हाणीघरात? मी तर त्या टेपला रोज नमस्कार करायला पाहिजे."

मास्तर हसले. तिनेच केलेले दात दाखवत हसले. मग रडू आवरता आवरता त्यांचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला आणि दोन्ही मुलगे त्यांना धरून बाहेर ओट्यावर घेऊन गेले. बापाला बसवायचं निमित्त करून त्यांच्यामागे सगळेच गेले. ओट्यावर नणंद कुणाला तरी सांगत होती की मी आधीपासून हेच म्हणत होते.

खोलीत दोघी जावा राहिल्या.

थोरली खिडकीशी गेली. बाहेर तिची मोकळी जागा दिसत होती, विटांचा ढीग, गवत. इथून ती कधी पाहिली नव्हती. इथून ती पुष्कळ मोठी दिसत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं. घरातल्या माणसाचे आभार मानायची त्या घरात पद्धत नव्हती, शब्दच सापडत नव्हता. जो सापडला तो बोलायला जड होता.

"तुला कोट शिवते," ती अखेर म्हणाली. "लोकरीचा. अस्तरही चांगलं घालीन. आणि वर गच्चीत ऊन लागेल तुला, त्याला ताडपत्रीचं छप्पर मी शिवून..."

"ताई."

"आणि दुपारी माझं काम झालं की तुझ्या स्वयंपाकाचं मी बघत जाईन, शेजारीच तर..."

"ताई, थांबा." धाकटीने तिचा हात धरला. धाकटीचा हात प्लॅस्टरने खरखरीत झालेला होता. "आज काही शिवू नका. आज नुसतं घ्या."

"मला नाही येत गं." थोरलीचा आवाज फुटला. "देताना मला कधी जड गेलं नाही. आत्ता अगदी गुदमरल्यासारखं होतंय. वाटतंय, हे कधी फेडू, कसं फेडू."

"माहितीये मला," धाकटी म्हणाली. "या घरात आल्यापासून मला तसंच होत होतं. माझं बाळंतपण तुम्ही काढलंत. या घराच्या विटा तुमच्या मागे पडलेल्या पाळीतून आल्या. मी काही द्यायला आले की तुम्ही म्हणायचात, राहू दे, आम्हाला काय करायचंय. एकदा तरी घेतलंत का काही? आमचं काय होत असेल, असं तुमच्या मनात कधी आलंच नाही."

नाही आलं. खरंच कधी आलं नाही. थोरलीला वाटत होतं आपण या लोकांसाठी झिजतोय, आणि इतकी वर्षं ही पोर देण्यासाठी काहीतरी हातात घेऊन दाराशी उभी होती. थोरलीने प्रत्येक वेळी तिला हसून परत पाठवलं होतं. आपण चांगल्या वागलो याचाच तिला राग आला, आणि मग राग ओसरून नुसतं रडू आलं. या वेळी ते लपवायला हाताशी नकाशा नव्हता.

बाहेरून इंजिनीअरने विचारलं, "मामी, मग काय लिहू? भिंत सामाईक की वेगळी?"

धाकटी थोरलीकडे बघत राहिली.

"सामाईक लिही," थोरलीने पदराला डोळे पुसत ओरडून सांगितलं. "आणि खिडकी ही देतेय म्हणून लिही. मी घेतली."